गहाणातून सुटलेले घर

बँकेचा शेवटचा हप्ता फेडून घराचे कागद हाती येतात, त्या दिवशी मध्यमवर्गीय माणसाला फार मोकळे वाटते. आम्हांलाही वाटले होते. आम्ही दोघेही शिक्षक. वसईच्या गावात वाडवडिलांचे घर असतानाही मुलाच्या भवितव्याचा विचार करून आम्ही स्टेशनजवळ एक लहानसा फ्लॅट घेतला आणि पंधरा वर्षे त्याचे हप्ते भरले. कागद कपाटात ठेवताना आमच्यापैकी एकजण म्हणाले, "आता या घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क उरला नाही." मुलगा तोवर परदेशी नोकरीला गेला होता. फ्लॅटला रंग काढला, खिडक्या लावून घेतल्या आणि दाराला कुलूप घातले. ते कुलूप चार वर्षे तसेच राहिले.

ज्या शहरात कमावत्या तरुणाला डोके टेकण्यापुरती जागा मिळत नाही, त्या शहराच्या वेशीवर वापरात नसलेले घर बंद ठेवणे, हा निव्वळ मालकाचा खासगी मामला आहे काय? हा प्रश्न आमच्या मनात आपण होऊन उगवला नाही. तो आमच्या एका विद्यार्थ्यामुळे उभा राहिला; आणि विशेष हे, की त्याने तो कधी तोंडाने विचारला नाही.

हा मुलगा मराठवाड्यातील एका खेड्यातला. मामाकडे राहून आमच्या हाताखाली शिकला आणि पुढे मुंबई विद्यापीठातून एम.कॉम. झाला. शिक्षण चालू होते तोवर वसतिगृह होते. परीक्षेचा निकाल लागला आणि वसतिगृहातली खोली सोडावी लागली. मामाही तोवर निवृत्त होऊन गावी परतले होते. त्याच महिन्यात त्याला अंधेरीच्या एका कंपनीत अठ्ठावीस हजारांची नोकरी लागली. शिकत होता तेव्हा छप्पर होते, पैसा नव्हता; आता पैसा आला तर छप्पर गेले. विरारला एका मित्राकडे पथारी टाकून तो जागा शोधू लागला. "सर, मॅडम, तुमच्यासारखी मोठी माणसे सोबत असली तर लोक नीट बोलतील," असे तो संकोचाने म्हणाला, आणि आम्ही त्याच्याबरोबर निघालो.

पाच रविवार आम्ही फिरलो. सकाळची मिस्सा आटोपून गाडी पकडायची आणि दिवेलागणीला परतायचे. पहिल्या रविवारी अंधेरी पाहिली. वन रूम किचनचे भाडे ऐकले तेव्हा लक्षात आले, की ते भरल्यावर पोराच्या हाती जेमतेम रेल्वेच्या पासाचे आणि वडापावचे पैसे उरतील. वर लाखभराची अनामत आणि दलालीपोटी एका महिन्याचे भाडे. करार अकरा महिन्यांचा; म्हणजे बारावा महिना उजाडण्याआधी पुन्हा दलाली, पुन्हा शोध. दुसऱ्या रविवारी जोगेश्वरी आणि गोरेगाव, तिसऱ्या रविवारी मालाड, मग कांदिवली, बोरिवली. दर रविवारी आम्ही काही स्टेशने उत्तरेकडे सरकत होतो. कोठे पेइंग गेस्ट म्हणून एक खाट मिळत होती. पण खोलीत आणखी पाचजण, चहा करण्यासही बंदी आणि रात्री दहानंतर दाराला आतून कडी.

भाड्याचा आकडा निदान उघड तरी होता. त्याच्याआधी विचारले जाणारे प्रश्न अधिक बोचणारे होते. पहिला प्रश्न बहुधा आडनावाचा असे. आडनाव ऐकल्यावर समोरचा क्षणभर थांबे, आणि मग जागेविषयीची माहिती एकाएकी बदले. सकाळी फोनवर रिकामी असलेली खोली दुपारी "कालच गेली" असे. दुसरा प्रश्न खाण्याचा. तिसरा लग्नाचा, एकट्या मुलाला जागा नाही, मुलगी एकटी असेल तर मुळीच नाही. हे सारे आम्ही मान हलवीत ऐकले आणि परतताना गाडीत शहराच्या संकुचितपणावर बरेच बोललो.

चौथ्या रविवारी मात्र आमची वाचा बसली. उपनगरातील एका जुन्या, टापटिपीच्या इमारतीत खोली होती. भाडे बेताचे, घरच्या बाई बोलायला गोड. त्यांनी आमच्याकडे पाहून हसून म्हटले, "आम्ही फक्त कॅथॉलिकांनाच देतो. तुमच्या ओळखीचे कोणी असेल तर जरूर पाठवा." आमचे आडनाव त्या दारात चालले असते, त्याचे चालले नाही. जिना उतरताना तोच आमची समजूत घालू लागला : "जाऊ द्या सर, सगळीकडे असंच असतं." त्याच्या बोलण्यात राग असता तर आम्हांला बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी खाडी ओलांडून गाडी वसईत शिरली तेव्हा आमच्या फ्लॅटची बंद खिडकी नेहमीप्रमाणे दिसली. ती त्यालाही ठाऊक होती. रंगकामाच्या वेळी सामान हलवायला तोच आला होता. पाचही रविवारी ती खिडकी आम्हां तिघांच्या नजरेसमोरून मागे गेली. त्याने विचारले नाही, आणि आम्ही म्हणालो नाही.

का म्हणालो नाही? आम्ही या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे शोधायचे ठरवले.

पहिले कारण भय. एकदा आत शिरलेला भाडेकरू बाहेर निघत नाही, हे आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकलेले. ते भय अगदीच निराधार नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर शहरात लोटलेल्या माणसांना नाडले जाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण तात्पुरती म्हणून केलेली सोय अर्धशतक टिकली. भाडे मूठभर रुपये आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या कित्येक पट. मालकांनी डागडुजी सोडली, पागडी बोकाळली, आणि भाड्याने देण्यासाठी घरे बांधणेच हळूहळू थांबले. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही १९७३ च्या दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो जागेत होता तो तेथेच राहिला. कराराच्या भरवशावर घर दिलेल्या मालकांनी कानाला खडा लावला. गोठवलेली भाडी अवाजवी झाली आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९७ मध्ये स्पष्ट सांगावे लागले.

या इतिहासातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या कायद्याने घरात असलेल्याला राखले. मालक रुष्ट झाला. पण घराबाहेर उभा असलेला, अजून शहरात यायचा असलेला तरुण, कोणाच्याच हिशेबात नव्हता. दोघांतल्या भांडणात दार बंद झाले ते तिसऱ्यासाठी.

तथापि हे भय आज आम्हांला किती शोभते? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्या काळाची दुप्पट दराने भरपाई मागता येते. करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. म्हणजे जे कुलूप आम्ही जुन्या कायद्याच्या भीतीने घातले म्हणत होतो, ते घालण्यापूर्वी कितीतरी वर्षे तो कायदा इतिहासजमा झाला होता. भय खरे होते, पण ते वडिलांचे होते. आम्ही ते घराबरोबर वारशाने घेतले, तपासून पाहिले नाही.

दुसरे कारण मुलाचे. तो आला तर त्याला घर हवे. चार वर्षांत तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा गावच्या घरी, आपल्या जुन्या खोलीत राहिला. तिसरे कारण, घर वापराने खराब होते. बंद घरातही भिंतींना ओल धरते, हे आम्ही दर पावसाळ्यानंतर पाहत होतोच. तेव्हा ही कारणे एकेक करून गळाली आणि शेवटी जे उरले ते असे : घर आमचे आहे, आम्हांला गरज नाही, मग कटकट कशाला?

येथे प्रश्न खऱ्या अर्थाने नीतीचा होतो. जे माझे आहे ते न वापरण्याचाही मला हक्क आहे काय? कायदा होय म्हणतो. पण आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण इतक्यावर थांबत नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात मालकी आणि उपभोग यांत भेद केला. वस्तूची देखभाल नीट व्हावी म्हणून ती एकाच्या ताब्यात असणे रास्त; पण तिचा वापर करताना मालकाने ती जणू सर्वांची आहे असे समजावे आणि गरजवंताला वाटा देण्यास तयार असावे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या आपल्या विश्वपत्रात हाच विचार आजच्या भाषेत मांडला : खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. त्याच वर्षी, बेघरांच्या निवाऱ्यासाठी पाळल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या निमित्ताने, न्याय व शांती या परमधर्मपीठीय आयोगाने घरांच्या प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवजही काढला. आम्ही बँकेचे गहाण फेडले आणि घर मोकळे झाले असे समजलो. दुसऱ्या गहाणाचा हप्ता आम्ही एकदाही भरला नव्हता.

कोणी म्हणेल, एका कुलपाने काय होते? २०११ च्या जनगणनेत भारताच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने नागरी भागातील घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज दिला. त्यातील बहुतेक कुटुंबे उघड्यावर नव्हती. ती दाटीवाटीने, एकाच खोलीत कोंबून राहत होती. सगळीच रिकामी घरे कोणी हेतुपुरस्सर अडवली होती असे नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले, की टंचाई केवळ विटा-सिमेंटची नाही, हे ध्यानात येते. आणि आपणां वसईकरांना तर हे अधिक जाणवले पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर 'हरित वसई'साठी आपली माणसे रस्त्यावर उतरली, ते योग्यच होते. मात्र त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारतींत आपल्यापैकी अनेकांनी घरे घेतली. वाडी गेली, विहीर बुजली, आणि त्या जागी आलेल्या घरात जर कोणी राहतच नसेल, तर शेतही गेले आणि निवाराही झाला नाही.

आता आडनावाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या जातीच्या, धर्माच्या माणसालाच घर देणे गैर आहे काय? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा तिचा नियम मान्य केला. धर्म, जात, वंश यांवरून भेदभाव करण्यास राज्यघटनेने घातलेली बंदी प्रामुख्याने शासनावर आणि सार्वजनिक ठिकाणांवर आहे; खासगी घराच्या दारापाशी ती थबकते. त्या बाईंनी कायदा मोडला नव्हता.

शिवाय समाजाने आपल्या माणसांना आसरा द्यावा, यात थोर असे काही आहेच. गोव्याहून मुंबईला आलेले खलाशी, आचारी, वादक यांनी धोबीतलाव, माझगाव, कवेल या भागांत आपापल्या गावांच्या नावाने क्लब उभारले. त्यांना 'कूड' म्हणत. महिन्याची थोडकी वर्गणी, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या, रात्री पसरायची वळकटी, सायंकाळी वेदीपुढे एकत्र जपमाळ. जहाजावरून उतरलेला माणूस पुढची नोकरी मिळेपर्यंत तेथे राही. त्यातले काही कूड अजूनही टिकून आहेत. कूडमध्ये येणारा माणूस कोणाच्या दयेवर नव्हता. तो वर्गणी भरणारा सभासद होता. कोपऱ्यातली त्याची पेटी हा त्याचा हक्क होता. ही त्या संस्थेतील सर्वांत सुंदर गोष्ट आम्हांला वाटते.

पण कूड उभे राहिले ते परक्या शहरात ज्यांना कोणी दार उघडत नव्हते अशांनी, आपल्यासाठी. आज आपण त्या शहरात दार असलेले आहोत. कालच्या उपऱ्याने बांधलेला आसरा आणि आजच्या मालकाने घातलेली अट, या दोन्ही बाहेरून सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत. पहिलीत दुर्बळ एकमेकांना धरतात. दुसरीत सबळ दुर्बळाला गाळतो. आणि आपली मुले पुण्याला, बेंगळूरला, आखातात जागा शोधायला जातात तेव्हा आपले आडनाव, आपल्या स्वयंपाकघरातला मासळीचा वास त्यांच्या आड येतो, हे आपण जाणतोच. जे माप आपल्या लेकरांना लावलेले आपल्याला खपत नाही, ते दुसऱ्याच्या लेकरांना कसे लावावे?

मग मालकाने काहीच विचारू नये काय? तसे नाही. आमच्या मते दोन प्रश्न रास्त आहेत : भाडे नियमित देऊ शकाल ना, आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही ना? राहणाऱ्याची पोलिसांना द्यावयाची माहिती द्यावी, ओळखपत्र पाहावे. तो सावधपणा झाला. याखेरीजच्या बहुतेक प्रश्नांत सावधपणा कमी आणि आपल्या सत्तेचा आस्वाद अधिक असतो.

भाडे किती घ्यावे, हा शेवटचा आणि अवघड प्रश्न. आमच्या गल्लीत एक विधवा बाई आहेत. माडीवरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर त्यांचे औषधपाणी चालते. त्यांनी बाजारभावाने भाडे घेतले तर त्यात काहीच वावगे नाही. आम्हां दोघांना निवृत्तिवेतन आहे. आमच्यासाठी तोच आकडा तितका निष्पाप नाही. न्याय्य भाडे म्हणजे सर्वांसाठी एकच रक्कम नव्हे. घेणाऱ्याची निकड पाहून ते वाढवू नये, आणि आपली निकड तपासल्याशिवाय ते ठरवू नये, एवढे मात्र सर्वांना लागू पडावे. फुकट देणे हा उपाय आम्हांला पटला नाही. फुकटचे घर राहणाऱ्याला मिंधे करते. तो खिळाही विचारून ठोकतो. भाडे देणारा ताठ मानेने राहतो.

सोसायटीची देखभाल, घरपट्टी, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम आणि वर माफक काही, असा हिशेब करून आम्ही एक आकडा काढला. तो बाजाराच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भरला. अनामत दोन महिन्यांची ठरवली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे जो आदर्श भाडे कायदा ठेवला, त्यात राहत्या घरासाठी हीच मर्यादा आहे. स्टेशनवरचा दलाल म्हणाला, "बाई, तुम्ही भाव पाडताय." आम्हांला ते विशेष वाईट वाटले नाही.

हे सारे ठरवून आम्ही त्या मुलाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. आठच दिवसांपूर्वी त्याने नालासोपाऱ्याला तिघांबरोबर एक खोली घेतली होती. अनामत भरली होती, करार झाला होता. मध्येच निघाला तर पैसे बुडाले असते आणि उरलेल्या तिघांवर भाड्याचा बोजा पडला असता. "त्यांना असं सोडून येणं बरं नाही, सर," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." आमच्या पाच रविवारांच्या मौनाची किंमत त्याने भरली होती, आणि ती परत करण्याचा मार्ग आमच्यापाशी नव्हता.

फ्लॅट आम्ही तरीही उघडला. किंबहुना त्याच्या नकारानेच आमची खरी परीक्षा झाली. त्याला दिले असते तर ती ओळखीची माया झाली असती. गहाण फिटले असे म्हणता आले नसते. इमारतीच्या फाटकावर आम्ही साधा कागद लावला : जागा भाड्याने देणे आहे, भाडे इतके, अनामत इतकी. जातधर्माचा, खाण्याचा, लग्नाचा उल्लेख त्यात नव्हता. तिसऱ्या दिवशी दोन मुली आल्या. दोघी नुकत्याच परिचारिका होऊन एका रुग्णालयात लागलेल्या, रात्रपाळीमुळे कोणी जागा देत नव्हते. आम्ही आमचे दोन प्रश्न विचारले. त्यांची आडनावे आम्हांला कळली ती करारनाम्यासाठी ओळखपत्रे पाहिली तेव्हा.

आता गाडी वसईत शिरते तेव्हा ती खिडकी उघडी असते. कधी दोरीवर पांढरे गणवेश वाळत असतात. रात्रपाळी असली म्हणजे दिवसा पडदा ओढलेला असतो, आणि आत कोणीतरी निवांत झोपलेले असते. नालासोपाऱ्याला उतरणारा एक मुलगाही रोज संध्याकाळी त्याच खिडकीसमोरून पुढे जात असेल. त्याचा करार येत्या काही महिन्यांत संपेल. तेव्हा आमच्याकडे देण्याजोगी दुसरी जागा नसेल. पण आपल्या धर्मग्रामात बंद खिडक्या आणखी आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या आपल्याच घरांतल्या खिळ्यांवर टांगलेल्या आहेत.